सुपात राहिलेली सुपारी

२८ डिसेंबर, रविवार

नव्या कामाला कोरी वही. जुन्या वहीत बारा पानं शिल्लक आहेत, पण ती बिल्डिंगच्या पार्किंगवरच्या भांडणांनी इतकी बरबटली आहे की तिच्यात काही चांगलं लिहायची लाज वाटते.

आमच्या सावरवाडीचं आरोग्य उपकेंद्र बंद होणार. पंचायतीच्या फळ्यावर आज पत्र लागलं. 'इमारत नादुरुस्त, पाण्याची सोय नाही, रुग्णांची उपस्थिती अत्यल्प. सबब उपकेंद्र नऊ किलोमीटरवरील केंद्रात विलीन करण्याचे प्रस्तावित आहे.' प्रस्तावित! एकतीस वर्षं अंबरनाथच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. सरकारी मराठीतलं 'प्रस्तावित' म्हणजे काय ते मला कुणी सांगू नये.

शेजारी करिष्मा उभी होती. अनंताची सून; तिच्या मळ्यातली वांगी, वाल आमच्याकडे येतात. सातवा लागलाय. पहिल्या वेळी दवाखान्यात पोचायच्या आधीच चामटोलीच्या वळणावर टेम्पोत बाळंत झाली होती. पत्र वाचून म्हणाली, "काकी, मंजे यावेळी पन टेम्पोच का?" आणि हसली. मला हसता आलं नाही.

घरी येऊन नवऱ्याला, मधूला, म्हटलं, मी हे होऊ देणार नाही. तो इस्त्रीची वायर दुरुस्त करत होता. म्हणाला, "हं."

३० डिसेंबर, मंगळवार

आज नर्सचा वार. तेजल उल्हासनगरहून येते, आठवड्यातून एकदा. उपकेंद्राच्या ओट्यावर सतरंजी टाकून बसते, कारण आत छताचे पापुद्रे पडतात. नळ कोरडा. हात धुवायला घरून बाटली आणते.

"बाई, मला काय, ते दुसरं केंद्र उलट जवळ पडेल," ती म्हणाली. "पण इथल्या बायका तेवढ्या लांब येणार नाहीत. इथे येतात त्याच मुश्किलीने."

संध्याकाळी कात्रणांची फाईल काढली. काही वर्षांपूर्वीची एक बातमी जपून ठेवली होती. सातासमुद्रापलीकडच्या एका राज्यात लोकांनी मतदान करून आरोग्यसेवा हा हक्क म्हणून आपल्या राज्यघटनेत लिहून घेतला. आमदारांनी परस्पर दिलेला नव्हे, लोकांनी शिक्का मारून घेतलेला. निम्म्याहून जेमतेम जास्त मतं पडली, पण पडली!

मग आम्ही काय घोडं मारलंय? २६ जानेवारीला ग्रामसभा आहे. घटनेचाच दिवस. सावरवाडी मतदान करील: 'आरोग्यसेवा हा प्रत्येकाचा हक्क आहे, तो राज्याने घटनेत लिहून घ्यावा, आणि तोवर आमचं उपकेंद्र हलवू नये.' ठराव लहान आहे म्हणून हसणाऱ्यांनी हसावं. आजवरचा प्रत्येक कायदा आधी कुणाच्या तरी ओसरीवर बोलला गेलेला आहे.

२ जानेवारी

सरपंच हितेश माझाच विद्यार्थी, सातवी ब. तेव्हाही मागच्या बाकावर बसून पुढच्यांचे सौदे जुळवायचा. आता जमिनींचे जुळवतो.

"बाई, ठराव करू ना. पण घटना? अपुन पंचायत आहोत बाई, पार्लमेंट नाही."

"घटनेची सुरुवात कुठल्या शब्दांनी होते, सांग."

तो उभा राहिला. खरोखर उभा राहिला, खुर्चीतून. "आम्ही... भारताचे लोक."

"'आम्ही पार्लमेंट' नाही ना? बस."

बसला. मग म्हणाला, "लोक येनार नाहीत पण. पहिल्या सभेला कोण येतं?" ते खरं आहे. सभेला माणसं कमी पडली की ती तहकूब होते, आणि तहकूब सभेला किती माणसं हवीत असं बंधन नाही, हे इथल्या म्हशींनाही ठाऊक आहे. म्हणून पहिल्या सभेला कुणीच जात नाही.

मी बोलून गेले, "येतील. आणि आलेल्यांपैकी निम्म्यांनी 'हो' म्हटलं नाही तर ठराव मी भर सभेत मागे घेईन."

"लॉक?" तो म्हणाला.

"लॉक," मी म्हटलं. या वयात.

६ जानेवारी

पाच दिवसांत चौतीस घरं. मला माईक लागत नाही, ओसरी पुरते. लोक ऐकतात. चहा देतात. बायका पदर तोंडाशी धरून मान डोलावतात. पण "मग हात वर कराल ना?" म्हटलं की नजर जमिनीकडे.

करिष्माने कारण सांगितलं. "सासरे समोर बसल्यावर हात कसा वर करनार, काकी? ते 'नाय' बोलले आनि आमी 'हो' केला तर?" म्हणजे गुप्त मतदान हवं. इथल्या बायकांनी तसं एकदाच केलंय, दारूचं दुकान बंद करायला, तेही सरकारने पेट्या पाठवल्या म्हणून. मला पेट्या कोण देणार?

घरात वस्तू जागेवर नसतात. स्वयंपाकघरातलं स्टूल तीन दिवस सापडत नाही. मधू म्हणतो अनंताला दिलं. अनंताला स्टूल कशाला? तर म्हणे वाल काढायला. वालाच्या वेली माझ्या कमरेएवढ्या आहेत. पण मधूशी वाद घालण्यात अर्थ नसतो. तो वाद घालतच नाही.

११ जानेवारी, रविवार

सापडलं! सापडलं!

अनंताच्या भावाकडे हळद होती. हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठं प्रकरण; गाव लोटतं. वेणूताई मांडवात मधोमध बसल्या होत्या. त्या इथल्या आगऱ्यांच्या धवलारीण. लग्नाचे सगळे विधी त्यांच्या गाण्यांवर चालतात. भटजी येतो तो नंतर, मंगलाष्टकांपुरता. सत्तरी उलटलेली, किडकिडीत बाई, पण तिने सूर लावला की डीजेवाला आपणहून आवाज बंद करतो.

विधी सुरू व्हायच्या आधी देवापुढे एक सूप मांडलं होतं. एकेक जण पुढे येई, सुपात एक सुपारी ठेवी, मोठ्याने एक शब्द उच्चारी आणि मागे सरे. "पानी." "लाकडं." "मांडव." "तांदूळ." बहुधा समृद्धीचे पारंपरिक आशीर्वाद असावेत. बायाही ठेवत होत्या, सासऱ्यांसमोर, अगदी निःसंकोच. त्या वेळी डोक्यात वीज चमकली. हे मतदानच आहे! शेकडो वर्षांचं, आपल्या मातीतलं! प्रत्येकाला एक सुपारी, पडद्यामागे दोन सुपं, एक 'हो'चं, एक 'नाही'चं. मतपत्रिका नको, शिक्का नको, अक्षरओळख नको.

जेवताना मधूला सांगितलं. तो म्हणाला, "वेणूताईंना विचार एकदा." विचारायचं काय त्यात? पण विचारीन.

१४ जानेवारी

तिळगूळ घेऊन वेणूताईंकडे गेले. त्या अंगणात तांदूळ पाखडत होत्या. मी पाऊण तास बोलले. हक्क म्हणजे काय, तो उपकार कसा नव्हे, घटनेत लिहिला की तो कुणी फळ्यावर पत्र लावून काढून घेऊ शकत नाही, वगैरे. त्या पाखडत होत्या.

शेवटी म्हणाल्या, "हक म्हंजे मान, असाच ना?"

"मान म्हणजे?"

"हलदीत मामाचा मान असतंय. पयली हलद मामाची. मामाबिगर कोन हात लावत नाय पोरीला. पन मान हाय म्हंजे मामाला यायलाच लागतं. नाय आला तर मान कसला?"

मी म्हटलं, साधारण तसंच, पण हक्कात अशी अट नसते. म्हातारा असो, आजारी असो, काही न करणारा असो, हक्क त्याचाही. त्यांनी मान हलवली. पटलं की नाही कळलं नाही.

मग सुपारीची कल्पना सांगितली. त्यांचे हात थांबले.

"सुपारीच ठेवायची? नक्की, मास्तरीनबाय?"

"नक्की."

"सभेत? सगल्या गावानं?"

"सगळ्या गावाने."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "मंग मी सांगून ठेवते सगल्यांना," म्हणाल्या. "असा आयत्या वेलेला सांगून नाय चालत." किती जबाबदार बाई! उरलेली घरं आता त्याच करतील. मी भाषणाला लागते.

२० जानेवारी, मंगळवार

भाषण बेचाळीस मिनिटांचं झालंय. अडतीसवर आणायला हवं.

तेजलने करिष्माचं बीपी पाहिलं. ठीक आहे, पण पायाला सूज. दर आठवड्याला दाखवायला सांगितलंय. दर आठवड्याला! आणि पत्रानुसार एक मार्चपासून उपकेंद्रच नाही. करिष्माचे दिवस मार्चच्या मध्याला भरतात. ठराव नापास झाला तर हिचं बीपी बघणार कोण? मी हा प्रश्न भाषणात शेवटी ठेवला आहे. तिचं नाव न घेता.

मधूचं ड्रिल मशीनही अनंताकडे. आता विचारायचं सोडलंय. माणूस निवृत्त झाला की त्याला कुणाचं तरी काहीतरी दुरुस्त करायला हवं असतं. सभेच्या कामाला मात्र एक दिवस आला नाही.

२६ जानेवारी, सोमवार

सगळं क्रमाने लिहिते.

झेंडावंदन झालं आणि शाळेच्या पटांगणात सभा भरली. एकशे त्र्याहत्तर माणसं. हितेशने हजेरीचं पुस्तक दोनदा मोजलं. ग्रामसेवक म्हणाले, आपल्या नोकरीत पहिलीच सभा भरलेली पाहतोय. माझ्या चौतीस घरांचं फळ, मला वाटलं.

बोलले. एक्केचाळीस मिनिटं. वीस वर्षांत अशी बोलले नव्हते. "दुखणं सांगून येत नाही, जात विचारत नाही, बँकेचं पासबुक बघत नाही. मग औषधाने का बघावं?" म्हटलं तेव्हा मागच्या रांगेतून शिट्टी आली. माझ्यानंतर वेणूताई उभ्या राहिल्या. दोनच वाक्यं बोलल्या: "सुपारी कशी ठेवायची ते तुमाला ठावं हाय. खोटी कोन ठेवू नका." आणि बसल्या. आणखी बोलायला हव्या होत्या, लोक अगदी शांत झाले होते.

मग मतदान. वर्गखोलीत साडीचा पडदा, मागे दोन सुपं. दारात मी प्रत्येकाच्या हातावर सुपारी ठेवत होते. माझी स्वतःची मी सगळ्यात आधी 'हो'च्या सुपात ठेवली.

अनंता आला. "बाई, मना दोन द्या."

"एका माणसाला एक मत, अनंता. राजालाही एकच."

"राजाचा मना ठावं नाय. एकीनं माझा नाय भागत."

मी त्याला प्रौढ मताधिकार समजावून सांगितला. तो बिचारा एक घेऊन गेला. पडद्याआडून कुणाकुणाचं पुटपुटणं ऐकू येत होतं, "पानी", "चुना". गुप्ततेचा भंग, पण परंपरेची सवय म्हणून सोडून दिलं.

पण माझ्या लक्षात येऊ लागलं. कितीतरी जण सुपारी हातात घेत, पडद्यापर्यंत जात, थांबत आणि ती खिशात टाकून परत येत. एकाने तर मला परत आणून दिली. "सॉरी बाई, मेरेको संडेच सुट्टी. झूठ नाय बोलनार." सुट्टीचा आणि मताचा काय संबंध?

आणि करिष्मा. तिने सुपारी घेतलीच नाही. हात मागे घेतला. "मी नाय, काकी."

जिच्यासाठी हे सगळं, तिनेच.

मोजलं. हो: एकाहत्तर. नाही: चार. अठ्ठ्याण्णव जणांनी ठेवलीच नाही. निम्मे म्हणजे सत्त्याऐंशी. सोळा कमी.

शब्द दिला होता. उभी राहिले आणि ठराव मागे घेते म्हणाले. पटांगणात कुजबुज झाली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी हसलंही नाही. लोक एकमेकांकडे असे पाहत होते जणू मीच काहीतरी वेडगळ बोलले.

घरी आले. मधूने पिठलं केलं होतं. म्हणाला, "एकाहत्तर खूप आहेत गं." मी जेवले नाही. हक्क नको असणाऱ्या माणसांसाठी हक्क मागता येतो का, एवढाच प्रश्न. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात याचं उत्तर नव्हतं.

२७ जानेवारी, मंगळवार

सकाळी सात वाजता खाली ट्रॅक्टरचा आवाज. मागे शिड्या, चुन्याच्या गोणी, पाइप. आणि माणसं, घमेली घेतलेली, खराटे घेतलेली. सगळी उपकेंद्राकडे चाललेली. मधू आधीच घरातून गायब.

चप्पल अडकवून धावत गेले. छतावर अनंता. ओट्यावर वेणूताई, मांडीवर कालचं 'हो'चं सूप. एक बाई हौद घासत होती, चारजणी आत जळमटं काढत होत्या. मी माणसं मोजली, सवय. साठावर होती. कालच्या चार 'नाही'वाल्यांपैकी दोघं होते (कोण ते मला ठाऊक आहे, लिहिणार नाही).

"हे काय चाललंय?"

"उशीर केलास, मास्तरीनबाय," वेणूताई म्हणाल्या. "काल सुपारी ठेवलीस ना?"

तेव्हा मला कळलं. हळदीच्या सुपात सुपारी ठेवणं म्हणजे आशीर्वाद नव्हे. एक काम अंगावर घेणं. "पानी" म्हणजे पाणी मी भरीन. "मांडव" म्हणजे मांडव मी घालीन. काम झालं की ज्याची त्याने सुपारी उचलून न्यायची. आणि ज्याला जमणार नाही तो ठेवत नाही. खोटी सुपारी ठेवणाऱ्याच्या घरच्या लग्नाला पाणी भरायला कुणी येत नाही.

मी लोकांना विचारलं होतं, तुम्हाला हक्क हवा का. लोकांनी उत्तर दिलं होतं, वेणूताईंनी सांगून ठेवलेल्या मंगळवारी मोकळा आहे की नाही.

"वेणूताई, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"इचारला ना दोनदा. नक्की, नक्की बोललीस." मग सूप हलवत, "मना वाटला, शिकलेली बाई हाय, सगल्या गावाला कामाला लावते. लय धीराची हाय."

अनंता वरून ओरडला, "बाई, दोन मागितल्या व्हत्या! छत येगला, टाकी येगली. आता एकाच सुपारीत दोनी करतंय!"

करिष्मा दारात पाट टाकून बसली होती. मी तिच्यासमोर गेले. तीच म्हणाली, "काकी, मी आता काय काम करनार? वाकता येत नाय. खोटी कशी ठेवू?" आणि घाबरून, "तुमी रागावल्या होत्या का काल?"

नाही म्हटलं. खोटं होतं. आता खरं आहे.

"मला काय काम?" वेणूताईंना विचारलं.

"तुजा आवाज मोठा. मंगळवारी नर्सबायच्या वहीतली नावं तू पुकार. केसपेपर लिव. भासन नको करू."

दहा वाजता तेजल आली आणि दारातच थांबली. नळाला पाणी होतं. आमचं स्टूल तिथेच होतं, त्यावर रंगाचे डाग, काही ताजे, काही चांगले वाळलेले. छताला आधीच दोन ठिकाणी नवं प्लास्टर होतं. अनंताने केव्हातरी करून ठेवलं असावं. मधू नळाखाली बादली धरून लहान मुलासारखा हसत होता. त्याचं एक बरं आहे. हातात पाना मिळाला की खूश.

सव्वीस नावं पुकारली. घसा बसला.

३ फेब्रुवारी, मंगळवार

हितेशने सभेचा वृत्तांत दाखवला. 'ठराव बहुमताने मंजूर. बाजूने एकाहत्तर, विरोधात चार.'

"अरे, मी मागे घेतला होता!"

"तेव्हा ग्रामसेवक चाय प्यायला गेला होता, बाई. त्याने ऐकलंच नाही. आणि आपल्यात सुपारी ठेवल्यावर मागे कोण घेतं?" मग डोळा बारीक करून, "बाहेर मात्र नका सांगू हां, बाई सुपारी घेतात म्हणून. पोलीस येतील."

ठरावाच्या खाली वेणूताईंचं एक वाक्य जोडायचं असं गावाने ठरवलंय: 'ज्याचा मान, त्याने हजर राहायचे.' रात्रंदिवस माझ्या डोक्यात तेच. सुरुवातीला मला ते खटकलं होतं, आजही थोडं खटकतं. उद्या कुणी म्हणेल, गावाने चुना मारला, आता सरकारने काही करायला नको. ते मी चालू देणार नाही. चुना गावाचा, औषध, नर्स, डॉक्टर हे सरकारचं देणं आहे आणि ते लिहिलेलंच हवं. माझ्या एक्केचाळीस मिनिटांतलं एक वाक्य मी मागे घेत नाही.

पण मग वेणूताईंचं वाक्य सरकारलाही लागू नको का? मान त्याचाही आहे. लाल दिवा आहे, खुर्ची आहे, शिक्का आहे. मग सरकारची सुपारी कुठे आहे?

डब्यातून एक सुपारी काढली. ठरावासोबत लिफाफ्यात घातली. खाली लिहिलं: 'ही आपली. आपण कोणते काम घेता ते मोठ्याने सांगून आमच्या सुपात ठेवावी.'

५ फेब्रुवारी

तालुक्याच्या कार्यालयातून फोन. आवक-जावकचा कारकून. "मॅडम, लिफाफ्यात सुपारी आहे."

"आहे."

"आवक नोंदवहीत काय लिहू?"

"सोबत जोडपत्र एक, असं लिहा."

पेन चालल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "आमच्या मातोश्रीही आगरी आहेत, मॅडम," आणि फोन ठेवला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

तालुक्याचे आरोग्य अधिकारी पाहणीला आले. तरुण आहेत, थकलेले दिसतात. पंचवीस गावं त्यांच्याकडे. छत पाहिलं, नळ सोडून पाहिला, माझी वही चाळली. चार मंगळवारांत एकशे नऊ रुग्ण. त्यांनी बॅगेतून सुपारी काढली. जपून ठेवली होती.

"हिचं काय करायचं असतं?"

"काम बोलायचा आनि ठेवायची," वेणूताई म्हणाल्या.

"आजी, कायमचं मी काही बोलू शकत नाही. ते वरून ठरतं."

"मंग जेवडा तुझा हाय तेवडा बोल. मामा गरीब असला तरी मान त्याचाच."

ते हसले. नंतर हसू थांबलं. विलीनीकरण पुढच्या आदेशापर्यंत स्थगित, आणि नर्स आठवड्यातून तीन दिवस, एवढं ते आपल्या सहीने करू शकतात असं म्हणाले. सुपारी ठेवली. काम झालं की उचलून न्यायची, हेही त्यांना सांगितलं.

माझं अडतीस मिनिटांचं निवेदन तयार होतं. वाचायची वेळच आली नाही. त्यांच्या हातात दिलं.

३ मार्च, मंगळवार

करिष्माचं बीपी खूप वर. मागच्या गुरुवारी ठीक होतं. तेजलने दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं, आणि फक्त "गाडी" म्हणाली. सकाळचे अकरा वाजले होते. हितेशची गाडी, मागे करिष्मा, तिची सासू आणि तेजल. तेजल परतेपर्यंत केसपेपर तरी लिहून व्हावेत म्हणून, उल्हासनगरहून तिचा फोन येईतो मी सोळा नावं पुकारली. सतरावं पुकारताना आवाज फुटला, तर रांगेतली म्हातारी म्हणाली, "पानी पी गो बाय, आमी खय पलून जातव?"

४ मार्च

मुलगी. अडीच किलो. दोघी सुखरूप. डॉक्टर म्हणाले, एक-दोन दिवस उशीर झाला असता तर अवघड होतं.

आज एवढंच.

२१ एप्रिल, मंगळवार

उपकेंद्राच्या खिडकीत ते सूप अजून आहे. एकाहत्तर सुपाऱ्या होत्या. काम संपलं तशी माणसं आपापली उचलून नेत गेली. अनंताने पावसाळ्याआधी टाकीचं झाकण बसवलं आणि आपली नेली. मधूची कधी गेली ते मी पाहिलंच नाही, विचारलं तर म्हणाला, "माझी जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यातच संपली होती." काहीतरी मोजण्यात चुकतोय. तेव्हा सभाही झाली नव्हती.

माझी मी उचललेली नाही. नावं पुकारायची संपत नाहीत.

आणि दुसरी आहे सरकारची. अधिकाऱ्यांनी स्थगितीचं पत्र पाठवलं. तीन दिवसांचा हुकूमही आला. पण उपकेंद्र कायम राहील, आणि आरोग्य हा हक्क म्हणून लिहिला जाईल, ते वरून यायचंय. ठराव पुढे गेलाय म्हणतात. मी दर सोमवारी एक पत्र टाकते. वेणूताई म्हणतात, घाई नको करू, मामा लांबून येत असल. मी म्हणते, मामाला रोज फोन लावायला हवा. आमचं दोघींचं यावर रोज भांडण होतं आणि त्यानंतर चहा.

आज अकराच्या सुमाराला मी वहीतलं नाव पुकारलं, "करिष्मा!" ती आली, मुलीला खांद्यावर टाकून. सव्वा महिन्यानंतर पहिल्यांदा घराबाहेर पडलेली. तेजलने बाळाचं वजन केलं. चार किलो.

मग ती निघाली नाही. कनवटीची गाठ सोडली, सुपारी काढली. घरून आणली होती. खिडकीतल्या सुपात ठेवली, सरकारच्या शेजारी.

आत बसलेल्या सगळ्या बायका तिच्याकडे पाहत होत्या. सासरेही होते.

"वजनकाटा," ती मोठ्याने म्हणाली.

मी पुढचं नाव पुकारलं.